जुन्या दीपगृहाच्या कुजलेल्या सागवानी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवाव्यात का?

नको, आहेत त्याच दुरुस्त करा. सागवान सहसा खालच्या आडव्या पट्टीत आणि सांध्यांत कुजतं, कारण पाणी तिथेच साचतं. वरचं लाकूड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. टोचा मारून बघा. जेवढं मऊ लागेल तेवढंच कापून मुरलेल्या सागाचा तुकडा जोडा, काचेला अळशीच्या तेलाची पुट्टी भरा. स्क्रू पितळी किंवा ३१६ ग्रेड स्टेनलेसचे घ्या, साध्या लोखंडाचे खाऱ्या हवेत फुगून लाकूड फोडतात. फटी सिलिकॉनने ठासून बंद करण्याचा मोह मात्र टाळा (मिस्त्री हमखास तेच सुचवतात): मनोऱ्यात हवा खेळली नाही तर दमट भिंतींचं पाणी आतच कोंडतं. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या १९९७ च्या दीपगृह-जतन पुस्तिकेतही आधी दुरुस्ती, बदल शेवटी, हाच क्रम आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, ओलं करून खरवडा.

हे सगळं जिन्यातल्या आणि खोल्यांच्या खिडक्यांपुरतं. दिव्याभोवतीच्या काचा नौकानयनाच्या यंत्रणेचा भाग आहेत. दीपगृह चालू असेल तर दीपगृह महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावू नका.