कॉफीला भेटायचं ठरलं, मागवायचं काय?

प्रश्न : कामानिमित्त नव्या ओळखीच्या लोकांना कॉफीसाठी भेटावं लागतं. कधी कप पाच मिनिटांत रिकामा होतो आणि नुसतं बसायला अवघड वाटतं, कधी बोलण्याच्या नादात कॉफी गार होऊन नकोशी होते. काय मागवावं?

उत्तर : किती वेळ बसायचं ते आधी ठरवा, कॉफी त्यावरून निवडा. एस्प्रेसो, म्हणजे चिमुकल्या कपातली दाट, कडक कॉफी, भेटीगाठींना गैरसोयीची. तिच्या एका मापात, म्हणजे शॉटमध्ये, जेमतेम ३० मिलि कॉफी असते आणि वरचा तांबूस फेस काही मिनिटांत विरतो. दहा मिनिटांत उठायचं असेल तरच ती घ्या.

अर्ध्या तासासाठी कॅपुचिनो, म्हणजे फेसाळ दूध घातलेली एस्प्रेसो, बरी. कप साधारण १५० ते १८० मिलिचा, दूध ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं. ‘एकदम कडकडीत द्या’ हा आग्रह मात्र सोडा. दूध सत्तरीच्या पुढे गेलं की त्याला उकळल्याचा वास येतो, गोडी कमी जाणवते आणि फेस भरड होतो. तोंड पोळतं ते वेगळंच. कॅपुचिनो फार वेळ ठेवलीत, तर फेस वर आणि कॉफी खाली अशी फारकत होते. नकोशी होते ती तेव्हा.

तासभर बसणार असाल तर कागदी फिल्टरमधून गाळलेली, बिनदुधाची कॉफी मागवा. बिया बऱ्या असतील तर ती कोमट झाल्यावर तिचा आंबटगोडपणा उलट जास्त कळतो. बिया फार काळ्या भाजल्या असतील तर मात्र गार कॉफी निव्वळ कडू लागते.

दोघांत एक फ्रेंच प्रेस, म्हणजे दट्ट्याने चोथा खाली दाबायचं कॉफीचं भांडं, हा आमच्या मते सगळ्यात छान पर्याय, कारण एकमेकांना वाढण्यातच अवघडलेपण निम्मं सरतं. अर्धा लिटर पाण्याला ३० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, चार मिनिटं थांबायचं, मग दट्ट्या सावकाश दाबायचा. दाबल्यावर उरलेली कॉफी तशीच चोथ्यावर ठेवली की तिच्यात कडवटपणा उतरत राहतो आणि दुसरा कप बिघडतो. म्हणून रिकामा जग मागून घ्या आणि सगळी त्यात ओतून ठेवा.

प्रश्न : मैत्रिणी संध्याकाळी सहालाच भेटतात. त्या दिवशी मला रात्री झोप लागत नाही. त्यांना मात्र काहीच होत नाही! जाणं बंद करू का?

उत्तर : जा, फक्त डिकॅफ, म्हणजे झोप उडवणारं कॅफीन काढलेली कॉफी, मागवा. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे सहाच्या कपातलं अर्धं कॅफीन अकरालाही अंगात असतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर हा वेळ बराच वाढतो, धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी होतो. मैत्रिणींशी तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. गाळलेल्या कॉफीच्या मोठ्या कपात शंभरेक मिलिग्रॅम कॅफीन असतं, डिकॅफमध्ये थोडेच मिलिग्रॅम. एस्प्रेसोचा एक शॉट चवीला जहाल, पण त्यात साठेक मिलिग्रॅमच. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅफीन सुरक्षित मानलं आहे.

प्रश्न : बिल कोणी द्यायचं?

उत्तर : ज्याने बोलावलं त्याने. ‘आज माझ्याकडून’ हे काउंटरवर पोचण्याआधीच सांगा, म्हणजे पाकिटांची ओढाताण होत नाही आणि समोरचा मोकळेपणाने मागवतो. टेबल निवडताना ग्राइंडर आणि दूध फेसाळणाऱ्या वाफेच्या नळीपासून लांबचं बघा. त्या आवाजात नाजूक विषय ओरडून बोलावे लागतात.