वीज गेल्यानंतर लिनक्स संगणक सुरू होण्यास फार वेळ का लागतो? सेवांचा क्रम कसा लावावा?

म्हापशातील आपल्या वाचनालयात पावसाळ्यात वीज गेली की उबुंटूचा (लिनक्सच्या एका प्रकारावर चालणारा) संगणक पुन्हा सुरू होण्यास फार वेळ लागतो, असे आपण लिहिले आहे. कोणतीही सेवा (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) बंद करण्याआधी ‘सिस्टमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन’ ही आज्ञा चालवावी; सेवा एकमेकींसाठी कशा थांबल्या, याची साखळी ती दाखवते. अनेकजण ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ची, म्हणजे कोणत्या सेवेला किती वेळ लागला याची, यादी पाहतात, परंतु सेवा समांतर सुरू होत असल्यामुळे त्या यादीत सर्वांत वर असलेली सेवाच विलंबाचे कारण असते असे नाही; कोण कोणासाठी थांबले आहे, हे साखळीतच दिसते.

तिथे बहुधा ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ आढळेल, कारण विजेबरोबर राउटरही नुकताच सुरू होत असतो आणि ही सेवा नेटवर्क मिळेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत वाट पाहते. ग्रंथनोंदणी त्याच संगणकावर असेल आणि नेटवर्कवरचा कोणताही फोल्डर जोडला जात नसेल, तर ही वाट पाहणारी सेवा बंद करावी.

क्रमाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो: सेवेच्या सेटिंग-फाइलमधली ‘आफ्टर’ ही ओळ केवळ क्रम ठरवते, तर ‘रिक्वायर्स’ ही ओळ दुसरी सेवा सोबत आणते, पण क्रम ठरवत नाही. नोंदणीचा प्रोग्राम डेटाबेसनंतरच सुरू व्हायचा असेल, तर दोन्ही लिहावे लागतात. बदल ‘सिस्टमसीटीएल एडिट’ या आज्ञेनेच करावेत, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जात नाहीत.