इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात गॅस-विजेचा फिक्स्ड टॅरिफ घ्यावा की व्हेरिएबलवरच राहावं?

तुम्ही लिहिलंय की रेडिंगला दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट आहे, गॅसचा बॉयलर आहे, सध्या व्हेरिएबल टॅरिफ चालू आहे आणि कंपनीने वर्षभराच्या फिक्स्डची (म्हणजे वर्षभर दर बांधलेला राहण्याची) ऑफर पाठवली आहे. भाडेकरार फेब्रुवारीत संपतो, पुढचं नक्की नाही. एवढ्यावरून माझं मत असं: ऑफरला एक्झिट फी (मुदतीआधी करार सोडल्याचा दंड) नसेल आणि दर तुम्ही आज भरताय त्यापेक्षा कमी असतील, तर खुशाल घ्या. एक्झिट फी असेल तर तुमच्या जागी मी व्हेरिएबलवरच राहीन.

व्हेरिएबल म्हटलं की आपल्याला शेअर बाजार आठवतो, दर रोज वरखाली होणार असं वाटतं. तसं इथे नाही. कंपन्यांच्या नेहमीच्या व्हेरिएबल टॅरिफवर ऑफजेम या नियामकाची कमाल मर्यादा असते, ती जानेवारी २०१९ पासून आहे. आता ती दर तीन महिन्यांनी बदलते (जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर), आणि नवे आकडे साधारण महिनाभर आधी जाहीर होतात. म्हणजे विचार करायला वेळ मिळतो.

मर्यादा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर आहे, एकूण बिलावर नाही. बातम्यांत 'वर्षाला इतके पौंड' म्हणून जो आकडा येतो तो वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा. कमी वापराच्या घरासाठी ऑफजेम १,८०० आणि ७,५०० धरतं. तुमचा फ्लॅट बहुधा याच्या जवळ जाईल, त्यामुळे त्या मथळ्यांना घाबरू नका. स्टँडिंग चार्ज म्हणजे महावितरणच्या बिलावरचा स्थिर आकारच, फक्त दिवसावर मोजलेला. उन्हाळ्यात महिनाभर भारतात गेलात, घर बंद ठेवलंत, तरी तो पडतोच. मात्र आपल्याकडे १०० युनिटच्या पुढे गेलं की स्लॅब बदलून दर चढतो, तसं इथल्या साध्या टॅरिफमध्ये होत नाही. पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच भावाने.

म्हणून ऑफर पाहताना 'महिना अंदाजे अमुक पौंड' ही ओळ सोडून द्या. विजेचा युनिट दर, गॅसचा युनिट दर आणि दोन्हींचे स्टँडिंग चार्ज असे चार आकडे घ्या, आजच्या बिलावरच्या चार आकड्यांशेजारी मांडा आणि आपल्या वापराने गुणा. यात गॅसकडे जास्त लक्ष द्या. विजेच्या दरात एका पेन्सचा फरक पडला तर १,८०० युनिटवर वर्षाला १८ पौंड होतात, गॅसच्या दरात तोच फरक ७,५०० युनिटवर ७५ पौंड.

आता एक्झिट फी. समजा ती प्रत्येक इंधनामागे ५० पौंड आहे. फेब्रुवारीत घर सोडलंत तर १०० पौंड गेले, तेवढी बचत तोवर झालेली असेलच असं नाही. काही कंपन्या करार नव्या घरी नेऊ देतात, पण ते आधी लेखी विचारून ठेवा. कराराचे शेवटचे ४९ दिवस उरले की नियमानुसार एक्झिट फी घेता येत नाही, तेव्हा पुढे कधी फिक्स्ड घेतलंत तर ती तारीख कॅलेंडरवर टाका. नाहीतर मुदत संपल्यावर गुपचूप व्हेरिएबलवर जाल.

इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर हिवाळ्यात कोणीतरी 'आत्ताच फिक्स करा' म्हणून ओरडतं. त्यामागे २०२२ ची धास्ती आहे, आणि ती खोटी नाही: सरासरी घराचा आकडा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होता, एप्रिलमध्ये १,९७१ झाला आणि ऑक्टोबर २०२२ साठी ३,५४९ जाहीर झाला. शेवटी सरकारने मध्ये पडून तो २,५०० च्या आसपास रोखला. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्यांनी फिक्स केलं होतं ते निवांत होते. तेही सगळे नाहीत, कारण त्या काळात बऱ्याच छोट्या कंपन्या बुडाल्या, त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि जुना फिक्स्ड दर तिथेच संपला.

तसा धक्का पुन्हा बसला तर तुम्ही तो सोसू शकाल का, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारा. एकाच पगारावर घर चालत असेल, तान्हं बाळ असेल, हीटिंग बंद ठेवणं शक्यच नसेल, तर वर्षाला चाळीस-पन्नास पौंड जास्त देऊन फिक्स्ड घेण्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त फिक्स्डमध्ये दर बांधलेला असतो, बिल नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. जानेवारीत आई-बाबा राहायला आले आणि थर्मोस्टॅट दिवसभर २३ वर राहिला, की बिल वाढणारच (आणि त्यांना काही बोलताही येत नाही).

दर अर्ध्या तासाला बदलणारे, ऑक्टोपस या वीज कंपनीच्या एजाइलसारखे टॅरिफही आहेत. इलेक्ट्रिक गाडी रात्री चार्ज करणाऱ्यांना ते परवडतात. संध्याकाळी सहाला स्वयंपाक करणाऱ्या घराने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बिल तुमच्या नावावर असेल तर भाडेकरू म्हणूनही टॅरिफ किंवा कंपनी बदलण्याचा हक्क तुम्हाला आहे. करारात घरमालकाला कळवायची अट आहे का, तेवढं बघा. ऑफरमधले चार आकडे, एक्झिट फी आणि मागच्या बिलावरचा वापर इथे लिहिलात तर गणित मांडून देतो.