कबड्डीत गुडघा पिरगळून चार महिने झाले, एक्स-रे नॉर्मल, तरी गुडघा लचकतो. काय करावं?

एक्स-रेत हाड दिसतं. आतली लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) आणि गादी (दोन हाडांमधली कूर्चा) दिसत नाही. त्यामुळं त्या 'नॉर्मल'वर विसंबू नका, भाऊ.

पाय मातीत रुतलेला आणि वरचं अंग फिरलं, असंच झालं ना? त्या वेळी 'कट्' आवाज आला होता का? दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला होता का? तसं असेल आणि आता वळताना गुडघा दगा देत असेल, तर पहिला संशय एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, तुटल्याचा. मध्येच अडकून पाय सरळच होत नसेल, तर गादी फाटून आत अडकलेली असू शकते. मग मात्र दिवस काढू नका.

आमच्या परभणीकडं आधी चोळून घेतात, मीही घेतलं होतं. तुटलेलं लिगामेंट चोळून जुळत नाही, उलट खेळत राहिलं की गादीचंही नुकसान होतं. हाडांच्या डॉक्टरला दाखवा. ते नडगी पुढं ओढून ढिलेपणा बघतात, मग एमआरआय सांगतात. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यातही अस्थिरोग विभाग आहे.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. शेतीकाम, चालणं एवढंच असेल तर काहींचं व्यायामावर भागतं. दोन्ही मांड्या टेपनं मोजून बघा, दुखरी बारीक झालेली सापडेल. ती भरून काढणं दोन्ही वाटांवर लागतंच. कबड्डी खेळायचीच असेल तर बहुधा ऑपरेशन, आणि त्यानंतर किमान 9 महिने मैदान बंद.