‘दहा किलो कमी झाले की मग जाईन’

प्रिय मावशी, मी ३६ वर्षांची, वजन ९४ किलो. दोन वर्षांत एकाही लग्नाला गेले नाही. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवते. थायरॉइडच्या डॉक्टरांनी मानसोपचाराचा एक गट सुचवलाय, सगळ्या स्थूल बायकांचा. पण अनोळखी बायकांसमोर हे कसं बोलू? वाटतं, आधी दहा किलो कमी करावेत, मग जावं.
– एक वाचक, सांगली

अगं, दहा किलोंची अट तुला डॉक्टरांनी घातलेली नाही, तुझी तूच घातलीस. आणि ही अट मोठी लबाड असते. दहा उतरले की ती पंधरा मागते. तोवर लाजेपायी सकाळचं फिरणं बंद, तपासण्या पुढे ढकललेल्या, आणि सगळे झोपल्यावर ओट्याशी उभ्यानं फरसाणाचा डबा. तुझं असंच असेल असं नाही, पण अशी पत्रं मला येतात.

अमेरिकेत जेम्स रोझेन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली स्थूल स्त्रियांच्या छोट्या गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन घटवणं हा त्या गटांचा विषयच नव्हता. वजनं होती तिथेच राहिली, तरी शरीराबद्दलची नाराजी बरीच ओसरली, अतिखाणंही कमी झालं. तेव्हा तू वाट कशाची बघतेस?

गटात साधारण सहा ते दहा जणी असतात. आठवड्यातून एकदा, दीडेक तास, दोन-तीन महिने. आरशासमोरचा एक सराव असतो. तिथे ‘माझे दंड घाणेरडे’ असं म्हणायची मुभा नसते, फक्त दिसतं ते सांगायचं: दंड गोल आहेत, डाव्यावर बीसीजीची खूण आहे, कोपराशी कातडी काळसर आहे. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण पहिल्या वेळी घाम फुटतो. दर आठवड्याला गृहपाठही असतो, टाळलेल्या गोष्टींपैकी सोप्यात सोपी आधी. तुझ्या बाबतीत बहुधा दिवसातून पाच मिनिटं तो टॉवेल काढणं. लग्नाचा हॉल खूप नंतर.

‘अनोळखी’ला तू घाबरतेस, पण मला तोच फायदा दिसतो. त्यातली एकही जण दिवाळीत तुझ्या घरी येऊन “काय गं, किती सुटलीस!” म्हणणार नाही. आणि जे फक्त आपल्यालाच होतं असं वाटतं, तेच शेजारच्या खुर्चीतून ऐकू आलं की अर्धी लाज तिथंच गळते. हे नवरा कितीही चांगला असला तरी देऊ शकत नाही.

नाव घालण्याआधी मात्र चौकशी कर. गट चालवणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे ना? आधी एकटीला भेटतात का? गुप्ततेचा नियम आहे का? दारात वजनकाटा आणि टेबलावर प्रोटीन पावडरचे डबे दिसले तर चप्पल घाल आणि घरी ये.

थायरॉइडचं औषध चालूच ठेव. चोरून खाणं, खाऊन उलटी काढणं असं काही असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांग. कधी जगणंच नकोसं वाटलं, तर गटाच्या वारापर्यंत थांबू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीतूनही बोलतात.

पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाहीस तरी चालतं. तीन-चार बैठकांनंतरही जीव रमला नाही तर तिथल्या बाईंना तसं स्पष्ट सांग आणि एकटीसाठी वेळ माग.

– मावशी