बाबा म्हणतात "काही विशेष नाही"

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. बीपीचे डॉक्टर वेगळे, गुडघ्यांचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. "अजून कुठली औषधं चालू आहेत?" असं कुणीही विचारलं की बाबा म्हणतात "काही विशेष नाही". मी मध्ये बोलले की चिडतात. काय करू?

उत्तर : ताई, ते खोटं बोलत नाहीत हो, रोजची बीपीची गोळी सोडली तर बाकीचं त्यांच्या हिशोबी औषधच नसतं! गुडघा दुखला की घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, झोपेची अर्धी गोळी, कुणीतरी चांगलं म्हणून दिलेलं चूर्ण, यातलं काहीच मोजणीत येत नाही. पण याच पेनकिलरनी बीपी वाढू शकतं, किडनीवर ताण येतो आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते. मग बीपी का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात.

डोळ्यातले थेंब तर कुणीच सांगत नाही. काचबिंदूसाठी टिमोलॉल असेल तर ते थोडं रक्तात उतरतं, नाडी मंद करू शकतं, आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर दोन्ही एकाच जातीची औषधं झाली ना. दम्याच्या पेशंटला तर टिमोलॉलचा आणखीनच त्रास.

म्हणून नुसतं प्रिस्क्रिप्शन नेऊ नका, त्यात लिहून दिलेलं असतं, पोटात काय जातं ते नसतं. घरातले सगळे डबे, बाटल्या, मलमं, इन्हेलर, व्हिटॅमिनं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर उरतात नुसत्या पांढऱ्या गोळ्या, ओळखणार कशा? कंपनीचं नाव वेगळं पण आत औषध तेच असं खूप होतं, सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच, वर तापाची वेगळी घेतली की डबल. स्वतःहून बंद केलेल्या गोळ्याही सांगायच्या, चक्कर येते म्हणून सोडली असेल तर तसंच सांगा. आणि तुम्ही घरी परस्पर काही बंद करू नका हं.

राहता राहिलं चिडणं. पिशवी बाबांच्याच हातात द्या, त्यांनाच एकेक काढून सांगू दे, तुम्ही फक्त कागदावर नाव, डोस, कधी घेतात ते लिहा. राहून गेलेलं काही असेल तर "बाबा, ते थेंब राहिले का?" एवढंच विचारा, डॉक्टरांकडे बघून तक्रार केल्यासारखं नको.