'विषय संपला' लिहिलं त्या दिवसापासून

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. आजोबांनी जपलेले संस्थानी काळातले बावीस फोटो त्यांनी २०१९ साली एका संग्राहकाला प्रदर्शनासाठी दिले. तुलादान, अन्नछत्र, विद्यार्थ्यांना कपडेवाटप असे प्रसंग त्यांत आहेत. पावती नाही, यादी नाही. वर संग्राहकांनी हातावर ठेवलेलं पाच हजारांचं पाकीट मुकाट्यानं खिशात घातलं. आता ते गृहस्थ म्हणतात, फोटो मी विकत घेतले. कुणी दागिने दिलेले असतात, कुणी पखवाज, कुणी जुन्या पोथ्या. माणूस ओळखीचा असला की आपल्याकडे कागद करायची लाज वाटते.

फोटो कुणाचे यावर तुम्ही तीन पानं लिहिलीत. दाव्याचं भवितव्य मात्र तुमच्या मोबाईलमधल्या एका ओळीवर आहे. ९ डिसेंबर २०२३ ला त्यांनी लिहिलं: "ते फोटो मी घेतलेत, विषय संपला."

मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद ७० बघा. विश्वासानं ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मागायला तीन वर्षं मिळतात, आणि ती मोजायची मागणीनंतर नकार मिळाला त्या दिवसापासून. त्यामुळे २०१९ पासून कोर्टात गेला नाहीत तरी दार अजून उघडं आहे. आधीची "बघतो", "सध्या सांगलीत आहेत" ही उत्तरं म्हणजे टोलवाटोलवी. त्यांना नकार म्हणता येणार नाही, असं मी मांडेन. ९ डिसेंबरचा नकार मात्र स्वच्छ आहे. म्हणजे ९ डिसेंबर २०२६ पर्यंत दावा दाखल झाला पाहिजे. तो दिवस हुकला तर याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे त्या वस्तूवरचा तुमचा हक्कच संपतो. आज ऑक्टोबर उजाडलाय, मध्ये दिवाळीची सुट्टी आहे आणि तुम्ही विचारताय, "आधी नोटीस पाठवून वाट बघू का?" नोटीस जरूर पाठवा, पण तिनं मुदत एका दिवसानंही वाढत नाही. पुन्हा मागणी करून नवा नकार मिळवला तरी नवी तीन वर्षं मिळतील या भरवशावर राहू नका. कोविडची सवलतही विसरा. सर्वोच्च न्यायालयानं मुदतीतून वगळलेला काळ १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ असा होता, तुमचा नकार त्यानंतरचा आहे.

समोरचा वकील अर्थातच म्हणेल की अनुच्छेद ७० इथे लागूच नाही, ही सरळ विक्री होती, हे पाहा पाच हजार. त्यावर तुमच्याकडे २०१९ चा त्यांचाच मेसेज आहे: "प्रदर्शन झालं की घरी आणून देतो." विकत घेतलेली वस्तू कुणी आणून देतो म्हणत नाही. तो फोन बदलू नका, विकू नका, नातवाला खेळायला देऊ नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागेल.

कोर्ट पैसे देईल की फोटो, हा पुढचा प्रश्न. १९४६ साली इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान यांची मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तुला झाली. तुमच्या गठ्ठ्यात तिचाही एक प्रिंट आहे म्हणता. त्या सोहळ्याचे फोटो दुसरीकडेही मिळतात, त्यामुळे कोर्ट भरपाईवर भागवू शकतं. पण तराजूच्या साखळीला हात लावून उभा असलेला चोपदार आणि कार्डबोर्डच्या मागे निळ्या शाईत आजोबांनी लिहिलेली माणसांची नावं, असा प्रिंट दुसरा कुठे मिळणार नाही. पैशांऐवजी तीच वस्तू परत मिळवायचं विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ८ अशाच वस्तूंसाठी आहे. दाव्यात प्रत्येक फोटोचं असं वर्णन द्या. 'जुने फोटो, नग २२' लिहून पाठवलंत तर मी ते परत करीन.

दाव्यासोबतच विक्रीला मनाई आणि कोर्ट कमिशनरकडून फोटोंची पाहणी, असे दोन्ही अर्ज द्या. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं याचा आनंद आहेच, पण तुमचा दावा चालणार कसबा बावड्यात, दिवाणी कोर्टात. तिथे तारखा पूर्वीसारख्याच पडतात. मनाई नसेल तर निकाल लागेपर्यंत फोटो तीन हात फिरलेले असतील. पोलिसांत तक्रार देता येईल. "दिवाणी बाब आहे" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

त्यांना फोटो छापण्यापासून रोखता येईल का? बहुधा नाही. आगाखानांचा प्रिंट सोडला तर तुम्ही हे फोटो कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळातले, म्हणजे १९२२ ते १९४० मधले म्हणता. त्या वेळच्या कायद्यानं छायाचित्राचा कॉपीराइट निगेटिव्ह तयार झाल्यापासून पन्नास वर्षं टिकायचा. तो कधीच संपला. परदेशी लिलावाचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवा. शंभर वर्षांवरची वस्तू, किंवा ऐतिहासिक मोलाची नोंद वा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षांवरचा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतो आणि मग तो खासगीरीत्या बाहेर पाठवता येत नाही. तुमचे फोटो त्या व्याख्येत बसतात का, हे एकेक प्रिंट पाहून ठरेल.

आणि चुलतभावांचं काय, हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. फोटो आजोबांचे, तेव्हा वारस तुम्ही एकटे नसणार. त्यांना सहवादी करा, नाहीतर निदान त्यांची लेखी संमती घ्या. पुण्याचा भाऊ दिवाळीला येईल तेव्हा सही घेऊ म्हणून थांबू नका, कागद कुरिअरनं पाठवा.